माशीला आणखी काय काय लागतं?

‘जैविक’ हा शब्द दिसला की आपण निर्धास्त होतो. फवारणी वाईट, मित्रकीटक चांगला, इतका सरळ हिशेब. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ओकच्या जंगलात हा हिशेब एकदा पार चुकला आणि एकदा जुळला. दोन्ही वेळा कामाला लावली होती माशीच, आपल्या रेशीमशेतीवाल्यांना छळणाऱ्या उझी माशीच्या कुळातली.

१८६०च्या दशकाअखेरीस ट्रूव्हेलो नावाच्या फ्रेंच गृहस्थाने रेशमाच्या नादापायी युरोपातला एक पतंग बोस्टनजवळ मेडफर्डला आणला. तो निसटला. पुढे त्याच्या केसाळ अळ्यांनी ऐन उन्हाळ्यात ओकचे खराटे करून टाकले. उतारा म्हणून १९०६ पासून युरोपातलीच कॉम्प्सिल्युरा माशी सोडली. ती अळीच्या अंगात जिवंत पिल्लं टोचते, ती अळीला आतून खातात. पण पतंगाची पिढी वर्षाला एक आणि माशीच्या तीन-चार. बाकीच्या पिढ्यांनी जगायचं कशावर? जंगलातल्या इतर अळ्यांवर! शंभराहून अधिक जाती तिला चालतात. त्यांत सेक्रोपिया हा तिथला देखणा रेशीमपतंगही आला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सेक्रोपियाच्या ५०० अळ्या झाडांवर ठेवल्या होत्या. एकही कोशापर्यंत पोचली नाही. लहानपणीच मेलेल्यांत मोठा वाटा या माशीचा होता.

मित्रकीटक किती अळ्या मारतो, हे जाहिरातीत ठळक असतं. त्या संपल्यावर तो काय खाणार, हे कुणी छापत नाही. माझ्या मते परवानगी देताना पहिला प्रश्न तोच हवा.

त्या प्रयोगातले एक शास्त्रज्ञ, जोसेफ एल्किंटन, यांच्यासमोर नंतर विंटर मॉथ ही दुसरी परदेशी कीड आली. २००५ पासून त्यांनी सिझेनिस माशी सोडली. तिची तऱ्हा निराळी. कुरतडलेल्या पानांवर ती बारीक अंडी घालते, अळी ती पानाबरोबर गिळते. अळी मातीत उतरून कोशात गेली की मगच माशीचं पिल्लू भराभर वाढतं आणि वसंतापर्यंत तिथेच मुक्काम ठोकतं. पिढी वर्षाला एकच, पतंगाइतकीच. मधल्या काळात दुसरं सावज धुंडाळायची वेळच येत नाही. कॅनडात नोव्हा स्कॉशियामध्ये तिने हीच कीड आवरल्याचा जुना दाखलाही हाताशी होता.

तरी घाई चालली नाही. व्हँकूव्हर बेटावरून अळ्या गोळा करायच्या, कोश हिवाळाभर सांभाळायचे, वसंतात माशा सोडायच्या, असं वर्षानुवर्षं चाललं. कीड ओसरायला दशकभर गेलं. आपल्याकडच्या तीन वर्षांच्या प्रकल्पात हे काम बसणार नाही, आणि कुणी बसवायलाही जाऊ नये.