पाणी कुणी बाटवलं?

दोस्तांनो, या देशात पाणी शुद्ध करायचा सगळ्यात गाजलेला प्रयोग प्रयोगशाळेत झालेला नाही. तो महाडला झाला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले, त्यांच्यामागून हजारो माणसं प्याली. मग धर्माचे ठेकेदार धावले. आमची डोकी फोडली. १०८ घागरी पाणी उपसलं. शेण, गोमूत्र, दूध, दही तळ्यात ओतलं, मंत्र म्हटले आणि म्हणाले, झालं शुद्ध! आता सायन्सला विचारा शेणात काय असतं. जंतू, कोट्यानुकोटी. घाण यांनीच घातली आणि बाटवलं म्हणून नाव आमचं. त्या पाण्यावर आमचा हक्क आहे हे हायकोर्टाकडून वदवून घ्यायला १९३७ उजाडलं.

पाण्यात काय आहे हे इथं कुणी बघितलंच नाही. हात कुणाचा लागला तेवढं बघितलं.

म्हणून मी, मॅट्रिक झालेला गोदीतला हमाल, जंतूंवर लिहितोय. हसू नका. कवटीचं चित्र छापलेली पिंपं आम्हीच उतरवतो. आत काय आहे ते इंग्रजीत लिहिलेलं असतं. पिंप गळलं की मुकादम म्हणतो, वाळू टाक. वाळू टाकतो. पण जमिनीत उतरलेलं विष जातं कुठं? पाण्यात जातं, साला.

आणि ते विष खाणारे जंतूही जमिनीतच असतात. अमेरिकेत साऊथ कॅरोलायनात हॅनाहान म्हणून गाव आहे. १९७५ मध्ये तिथल्या लष्करी साठ्यातून विमानाचं सुमारे ८० हजार गॅलन इंधन गळलं. दहा वर्षांत ते वस्तीखालच्या पाण्यात पोचलं. शास्त्रज्ञांनी तपासलं तर मातीतले जंतू ते आपणहून खात होते, फक्त त्यांना खुराक कमी पडत होता. १९९२ पासून जमिनीत खुराक सोडला. १९९३ संपेतो वस्तीखालचं विष ७५ टक्क्यांनी उतरलं.

आता त्याच अमेरिकेच्या युनियन कार्बाइडचं भोपाळ बघा. १९८४ ची रात्र सगळ्यांना पाठ आहे. पण कारखान्याचा कचरा त्याच्या आधीपासून जमिनीत जिरत होता. नागपूरच्या नीरीने आणि हैदराबादच्या एनजीआरआयने २०१० मध्ये लिहून दिलं, सुमारे ११ लाख टन माती दूषित आहे. २०२५ मध्ये सरकारने वर साठवलेला ३३७ टन कचरा पिथमपूरला नेऊन जाळला आणि स्वतःची पाठ थोपटली. खालची माती तिथंच. खालचं पाणी तिथंच. जंतू अमेरिकेतले हुशार आणि भोपाळचे मठ्ठ, असं आहे का? वर राहणारी माणसं कोण, यावर खुराक ठरतो.

जंतू म्हणजे देव नव्हे, हेही ऐका. फ्लोराइड ते खाऊ शकत नाहीत, आर्सेनिक संपवू शकत नाहीत, फार तर त्याचं रूप बदलतात. कारखान्यात धातू पुसायला ट्रायक्लोरोएथिलीन वापरतात, ते काही जंतू तोडतात. पण काम अर्ध्यावर थांबलं तर मागे व्हिनाइल क्लोराइड उरतं, कॅन्सर करणारं, मूळ विषाहून वाईट. म्हणून याला डोकं लागतं, वर्षं लागतात, पीएचडी लागते.

आम्हाला किडे म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: संडासाच्या टाकीतली घाण जंतूच कुजवतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. जंतू त्यात जगतात. आमचा माणूस उतरला की मरतो. २०१३ चा कायदा म्हणतो उतरवू नका. तरी उतरवतात. जंतूंवर थिसिस लिहिणाऱ्या किती जणांनी या गॅसमागची जात लिहिली?

नीरी १९५८ पासून नागपुरात आहे. तिथून गोंदिया रेल्वेने अडीच-तीन तास. गोंदियाच्या पुढे दवनीवाडा, धानाचा मुलूख. तिकडची म्हातारी मला विचारते, "बाबू, बोरिंगचं पानी प्याव का नाही, तेवढं सांग ना." मी काय सांगू? धानाला युरिया पडतो, शोषखड्डा बोरिंगला खेटून असतो, दोन्हींतून नायट्रेट खाली उतरू शकतं. लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर तान्ह्या लेकराचं रक्त प्राणवायू धरत नाही, पोर निळं पडतं. नायट्रेटचा वायू करून हवेत सोडणारे जंतूही आहेत. पण आधी मोजायला नको? दिसायला ते पाणी नितळच असतं.

आपल्यातले काही कॉम्रेड म्हणतात, हे प्रयोगशाळेचं प्रकरण आपलं नाही, आपला मोर्चा रस्त्यावर. मी म्हणतो, रस्ता प्रयोगशाळेच्या दारातनं जाऊ दे. तिथं आमची पोरं पोचली की फेलोशिप अडवतात. रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला गेला तेव्हा त्याची सात महिन्यांची फेलोशिप यायची होती. बार्टीच्या फेलोशिपसाठी आमची पोरं आझाद मैदानात बसली. संशोधन करायचं वय आंदोलनात घालवायचं, आणि मग हेच विचारणार, तुमच्यात शास्त्रज्ञ का नाहीत?

तर पीएचडीवाल्या दोस्ता, विदर्भ एक्सप्रेस धर, ती गोंदियालाच संपते. दवनीवाड्याला जा. गावातल्या प्रत्येक मोहल्ल्याच्या पाण्याची एकेक बाटली भर, पाटलाच्या विहिरीची पण. तपासून आकडे आण, आणि बाटलीवर मोहल्ल्याचं नाव मोठ्या अक्षरात लिही. ते आकडे आपण इथं छापू.