बाबांचा डबा आणि एका ‘एल’ची किंमत

गेल्या महिन्यात इंदूरला घरी गेलो तर बाबांनी कुलवृत्तांताचं काम बंद ठेवलेलं. विचारलं तर म्हणाले, "अरे, तुझा हा डबा! एक ओळ टाइप केली की चहा पिऊन यावं लागतं. आता वहीतच लिहितो."

डबा म्हणजे २०१४ साली मी पहिल्या पगारांतून घेतलेला लॅपटॉप. धाकट्या भावाचा सल्ला, "दादा, भंगारात दे." मला पटेना.

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. रॅम ४ जीबी, जवळजवळ सगळी भरलेली. डिस्क १०० टक्क्यांवर. दुखणं कळलं. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे कोठी. ओटा लहान असला की एक भांडं कोठीत ठेवायचं, दुसरं आणायचं, पुन्हा पहिलं. विंडोज दिवसभर हेच करत होतं, आणि जुनी फिरती हार्ड डिस्क म्हणजे फारच लांबची कोठी.

तिथेच मेमरीच्या पानावर दिसलं, दोन स्लॉटपैकी एकच वापरात आहे. मी खूश. माझ्या सामानात जुनी डीडीआर-३ स्टिक पडून होती, ती बसवली आणि बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळी ती काळीच.

बाबा मागेच उभे. "माझ्या फायली?"

सहा वर्षांची नावनिशी होती त्यात. आणि इंजिनिअर मुलानं बॅकअप कधी घेऊन दिलाच नव्हता. फायली डिस्कवर असतात, रॅम काढली-घातली तर जात नाहीत, हे मी त्यांना सांगितलं खरं. पण घाम मलाही फुटला होता.

स्टिक काढली, लॅपटॉप सुरू झाला. आधी सगळ्या फायली पेनड्राइव्हवर घेतल्या, मग स्टिकवरचं लेबल वाचलं. माझी १.५ व्होल्टची. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या या लॅपटॉपला लागते १.३५ व्होल्टची, म्हणजे डीडीआर-३एल. दोन्हींची खाच एकाच जागी, त्यामुळे चुकीचीसुद्धा बिनबोभाट बसते. लेबलवर ‘पीसी३एल’ आहे ना, तेवढं बघा. डीडीआर-४ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही, म्हणून तिथे फसायची भीती कमी.

८ जीबीची योग्य स्टिक आणली. चार्जर काढला, बॅटरी काढली, खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. स्टिक कडांना धरून तिरकी सरकवायची आणि खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या क्लिपा ‘टक्’ वाजल्या पाहिजेत. काम दहा मिनिटांचं, त्यातली आठ स्क्रू शोधण्यात गेली.

आता १२ जीबी आहे. वर्ड आणि ब्राउझर एकत्र सुखानं चालतात. सुरू व्हायला मात्र अजून वेळ लागतो, कारण तो दोष हार्ड डिस्कचा. दिवाळीत एसएसडी टाकेन. विंडोज १०चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपले आणि या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, तेव्हा लिनक्सचाही विचार आहे. त्याबद्दल पुढच्या वेळी. आणि हो, बऱ्याच नव्या पातळ लॅपटॉपात रॅम बोर्डावरच डकवलेली असते. विकत घेण्याआधी विचारा.

रात्री अकराला बाबांच्या खोलीत दिवा चालू. देवासच्या आत्याला फोन लावला होता. "पणजोबांची धाकटी बहीण ग्वाल्हेरला दिली होती की झाशीला? नीट आठव, मी टाइप करतोय."