पाठीमागचीं नांवें

आमच्या घरीं एका पत्र्याच्या पेटींत आजोबांच्या वर्गाचें एक जुनें छायाचित्र आहे. आजोबा याच शाळेचे विद्यार्थी. मध्यें खुर्चीवर गुरुजी, मागें दोन रांगांत उभे असलेले विद्यार्थी व पुढें जमिनीवर मांडी घालून बसलेलीं लहान मुलें. पुढच्या रांगेंतील डावीकडून तिसरा मुलगा म्हणजे आजोबा, असें वडिलांनीं मला दाखविलें. सर्वांचे चेहरे स्वच्छ उमटले आहेत. आजोबांचा उजवा हात मात्र पुसट आहे. नेमक्या त्या क्षणीं त्यांनीं तो हलविला असावा.

मीं आजोबांना पाहिलें तें काठी टेकीत चालणारे, मितभाषी व शिस्तप्रिय वृद्ध म्हणून. तेही कधीं लहान होते, त्यांनाही स्वस्थ बसवत नसे, हें मला त्या पुसट हातानें शिकविलें. आज तें चित्र हातीं घेतलें म्हणजे ते मला पूर्वीपेक्षां अधिक जवळचे वाटतात.

परंतु या आनंदांत एक शल्य आहे. आजोबांच्या खांद्यावर हात टाकून एक मुलगा बसला आहे. तो कोण? चित्राच्या पाठीमागें कांहींच लिहिलेलें नाहीं. आजोबांनीं मला दोनदां हांक मारून हें चित्र पाहावयास बोलाविलें होतें. "परीक्षा झाल्यावर पाहूं," असें मीं उत्तर दिलें. परीक्षा झाली, पण आजोबा राहिले नाहींत.

पॅरिस येथें १८३९ सालीं दागेर याची छायाचित्रणाची कृति जाहीर झाली, आणि १८५४ सालीं मुंबईंत या कलेच्या हौशी लोकांची मंडळीही स्थापन झाली. चांदीच्या क्षारांवर प्रकाशाचा परिणाम होऊन चेहरा उमटतो, हें आपण शास्त्राच्या तासाला शिकतों. पण प्रकाश चेहरा टिपतो, नांव टिपीत नाहीं. तें मनुष्यानेंच लिहावें लागतें. म्हणून माझें मत असें कीं, दिवंगत आजीआजोबांशीं आपलें नातें केवळ छायाचित्रानें जुळत नाहीं. छायाचित्र पुढें ठेवून वडीलधाऱ्यांशीं जें बोलणें होतें, त्यानें तें जुळतें.

कोणी म्हणतील, आतां मोबाइलमध्यें हजारों छायाचित्रें असतात, मग चिंता कशाची? मला उलट वाटतें. घरांत एकच चित्र होतें तेव्हां तें निदान जपलें तरी जाई. हजारांच्या गर्दींत नांव लिहून ठेवण्याची आठवण कोणास होणार?

विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटींत घरांतील वृद्धांपाशीं बसा. चित्र कडांनीं धरा. पाठीमागें कडेला मऊ शिसपेन्सिलीनें, हलक्या हातानें नांव, गांव व साल लिहा. शाई ओलाव्यानें पसरते, डिंकानें डाग पडतात, आणि पावसाळ्यांत ओल्या भिंतीजवळ ठेविलेल्या चित्रांस बुरशी लागते, हें ध्यानांत असूं द्या. पालकांसही विनंति कीं, मुलें "मग पाहूं" म्हणालीं तर आपण पुन्हा एकदां हांक मारावी.

माझ्या चित्राच्या पाठीवर मीं आजोबांचें नांव लिहिलें आहे. शेजारची जागा कोरी ठेविली आहे. त्याची एक प्रत शाळेच्या सूचनाफलकावर लाविली आहे. तो दुसरा मुलगा कदाचित् आपल्यापैकीं कोणाचे आजोबा असतील. कृपा करून एकदां पाहावें.

— इयत्ता १० वींतील एक विद्यार्थी