झिजलेल्या पात्याच्या बाजूने

जुने वस्तरे जमवण्याचा छंद इंग्लंड-अमेरिकेत चांगलाच रुजलेला आहे. शेफिल्ड आणि झोलिंगेन येथे एकोणिसाव्या शतकात घडवलेले घडीचे वस्तरे, हस्तिदंताच्या किंवा कासवाच्या पाठीच्या मुठी, आम्लाने पात्यावर कोरलेली जहाजे आणि गरुड, आठवड्याच्या सात वारांसाठी सात वस्तऱ्यांची मखमली पेटी, अशा वस्तूंसाठी जाणकार मंडळी भरपूर पैसे मोजतात. छंदाला कुणाची हरकत असण्याचे कारण नाही. हरकत आहे ती या छंदाने रूढ केलेल्या मूल्यकल्पनेला. तिच्या केंद्रस्थानी 'आगळेपणा' आहे, आणि आगळेपणा हे मूल्य नव्हे. ते फार तर कुतूहलाचे निमित्त आहे.

या मूल्यकल्पनेचा पहिला नियमच पाहावा. निसण्यावर घासून घासून पाते अरुंद झाले असेल तर वस्तऱ्याची किंमत उतरते; कधीच न वापरलेला वस्तरा सर्वांत मोलाचा. म्हणजे ज्या कामासाठी अवजार जन्माला आले ते काम त्याने केले नसेल, तरच ते आदरास पात्र! वास्तविक झीज हाच वस्तऱ्याचा इतिहास. पाते कुठे अधिक झिजले, यावरून धार लावणाऱ्या हाताची सवय कळते. तो पुरावा पॉलिश करून पुसायचा आणि वर त्याला जतन म्हणायचे, हा पोथीच्या समासातल्या टिपा खरवडून पोथी 'स्वच्छ' करण्याचाच प्रकार झाला.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पात्यावरचे कोरीवकाम या संग्राहकाला तोंडपाठ असते. पाते घासणारा माणूस मात्र त्याच्या नोंदवहीत नसतो. शेफिल्डमध्ये फिरत्या दगडावर पोलाद घासणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांत दगडाची आणि धातूची धूळ साचत असे. 1845 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील कामगारवर्गाविषयीच्या ग्रंथात एंगल्सने त्यांचे आयुर्मान नोंदवले आहे: कोरड्या दगडावर काम करणारे सरासरी जेमतेम पस्तीस वर्षे जगत, ओल्या दगडावर काम करणारे क्वचितच पंचेचाळिशी ओलांडत. पात्याच्या ज्या नाजूक अंतर्वक्रतेची आज वाखाणणी होते, ती घासूनच येते. सौंदर्याच्या वर्णनातून ही धूळ वगळणे म्हणजे ते वर्णनच अपुरे ठेवणे होय.

1890 या सालाचे उदाहरण घ्या. संग्राहकाला हे साल पक्के ठाऊक असते, कारण त्या वर्षीच्या अमेरिकेतील मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव छापणे बंधनकारक केले. पात्यावर 'इंग्लंड' आहे की नाही, यावरून वस्तऱ्याचा काळ अजमावता येतो. त्याच 1890 साली मुंबईत, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. वस्तऱ्याच्या सामाजिक इतिहासातली ही केवढी मोठी घटना! पण तिची खूण कोणत्याही पात्यावर उमटलेली नाही. जकातीचा शिक्का धातूवर उरतो. न उचललेल्या वस्तऱ्याचा शिक्का कुठे शोधणार? केवळ वस्तू पाहणाऱ्या नजरेला हा नकार दिसणे शक्यच नाही.

यावर उत्तर येईल की संग्राहक नसते तर या वस्तू भंगारात गेल्या असत्या. ते खरे आहे. परंतु संग्रह करण्याच्या रीती अनेक असतात. शेफिल्डच्या केन हॉली (1927–2014) या हत्यारांच्या व्यापाऱ्याने तयार हत्यारांबरोबरच ती घडवण्याची साधने, अर्धवट घडलेले नमुने आणि व्यापारी सूचिपत्रे जमवली, कारागिरांच्या कामाची माहिती टिपली. तो संग्रह आज शेफिल्डच्या केलम आयलंड संग्रहालयात आहे. तिथे वस्तूबरोबर कृतीही जतन झाली.

हा वाद मराठीच्या वर्गात आणण्याचे कारण उघड आहे. 'लोप पावत चाललेले शब्द' हा आपल्या प्रकल्पांचा लाडका विषय. विद्यार्थी धोकटी, नराणी, निसणा हे शब्द टिपून आणतो, समोर अर्थ लिहितो, आणि आपण गुण देतो. धोकटी कुणाच्या खांद्याला होती, बलुत्यापोटी किती धान्य मिळे, कुणाची दाढी करायला मनाई होती, हे प्रश्न प्रकल्पाच्या बाहेरच राहतात. शब्दाचे दुर्मीळपण पुरेसे वाटू लागले की समीक्षा संपते आणि मखमली पेटी सुरू होते. यापुढे अशी यादी हाती आली तर प्रत्येक शब्दासमोर अर्थाच्या जोडीला आणखी एक रकाना मागावा: हा शब्द कोण वापरत होते, आणि कुणासाठी राबताना?