ओके, पण कुठल्या अर्थाने?

परवा रात्री साडेनऊला आईचा फोन. मी अर्थातच ऑफिसात. 'या शनिवारी यायला जमणार नाही गं,' म्हटलं. पलीकडून एकच शब्द, 'ओके.' फोन बंद!

आमची आई म्हणजे 'बरं'वाली बाई. 'बरं, जेवलास का?' झाल्याशिवाय तिचा फोन संपतच नाही. तिच्या तोंडून ओके? पोटात धस्सच झालं.

कारण ओकेचे अर्थ आपल्याला पाठ असतात. बॉसचा ओके म्हणजे 'वाचलं नाहीये, पाठवून दे.' क्लायंटचा ओके म्हणजे 'ऐकलं, पैशांचं नंतर बघू.' सिनेमा 'ओके होता' म्हणजे तिकिटाचे पैसे पाण्यात. गर्लफ्रेंडचा ओके, पुढे पूर्णविराम, म्हणजे मेलास तू! ट्रकमागच्या 'हॉर्न ओके प्लीज'मधला ओके कशासाठी, यावर तर आजवर एकमत नाही.

गंमत म्हणजे हा शब्द जन्मला तोच चुकीतून. २३ मार्च १८३९ च्या बॉस्टनमधल्या एका दैनिकात तो पहिल्यांदा छापलेला सापडतो. 'ऑल करेक्ट'चं स्पेलिंग मुद्दाम चुकवून 'ओल कोरेक्ट' करायचं आणि आद्याक्षरं घ्यायची, असा तो पांचट जोक. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष व्हॅन ब्युरेन निवडणुकीला उभे राहिले. गावावरून त्यांचं टोपणनाव 'ओल्ड किंडरहूक', म्हणजे पुन्हा ओकेच! समर्थकांनी तोच नारा उचलला. व्हॅन ब्युरेन हरले, शब्द मात्र जगभर निवडून आला.

तर, घरी पोचल्यावर आईला परत फोन लावला. 'चिडलीस का?'

'छे रे! शनिवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे, मोतीबिंदूचं. तेच सांगायचं होतं. पण तू घाईत होतास.'

'मग ओके काय म्हणालीस?'

'तूच नाही का म्हणत? मी काही सांगायला लागले की तू ओके म्हणतोस आणि फोन ठेवतोस. मला वाटलं, फोन ठेवायचा असला की तसं म्हणायचं असतं.'

काय बोलणार यावर? माझ्या डिक्शनरीत नसलेला अर्थ आईने बरोब्बर शोधला होता, तोही माझ्याकडूनच शिकून.

सकाळी बॉसला मेसेज टाकला, 'शनिवारी येणार नाही. आईचं ऑपरेशन आहे.' उत्तर आलं, 'ओके.'

कुठल्या अर्थाचा, ते विचारायला मी काही थांबलो नाही.