पंगतीतला नवा पाहुणा

कार्तिकातली रात्र होती. गोवऱ्यांच्या आरातून काढलेले रोडगे राख झटकून फडक्यात गुंडाळून ठेवले होते. वरणावर लसणाची फोडणी पडली होती, वांग्याच्या भाजीला तेल सुटलं होतं, आणि माजघरातल्या सतरंजीवर तीन बाटल्या होत्या: शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ आणि शिराझ. तिन्ही नाशिकच्या. मावसभावाचा मुलगा तिकडे नोकरीला आहे, तो दिवाळीला येताना घेऊन आला होता.

"ताटं वाढल्याशिवाय उघडायची नाही," बायकोनं आधीच सांगून ठेवलं होतं. त्या रात्रीची रीत त्या एका अटीनं ठरवली.

आमच्या गावात, फुलसावंगीत, बाटली म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे काय येतं, ते मला ठाऊक आहे. माझ्या वर्गातले तीन जण दारूनं गेले. त्यातल्या एकाची बायको आज आमच्या वावरात कापूस वेचायला येते. आपल्या जिल्ह्यात दारूबंदीसाठी बायकांनी किती मोर्चे काढले, किती उन्हात बसल्या, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. शेजारच्या वर्ध्यात १९७४ पासून बंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ मध्ये उठली. दुकान बंद करायचं की चालू ठेवायचं यासाठी गावोगावी मतदान झालं. चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी. निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. आडवी बाटली हा आमच्याकडच्या बायकांच्या जिद्दीचा शब्द आहे, आणि मला त्याचा आदर आहे.

वाइन म्हणजे दारू नव्हे, असंही मी म्हणणार नाही. तिच्यात साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं आणि ते आपलं काम करतंच. पण त्या रात्रीची रीत अड्ड्यावरच्या रीतीच्या नेमकी उलट होती, म्हणून हे लिहितो आहे.

आपल्याकडे दारूसोबत जे खातात त्याला चखना म्हणतात. शेंगदाणे, फुटाणे, शेव, उकडलेलं अंडं. शब्द चाखण्याचा आहे, पण चाखत कोणीच नाही. घोट घशाखाली उतरावा म्हणून तोंडात काहीतरी टाकायचं, एवढंच त्याचं काम. तिथं खाणं पिण्याची चाकरी करतं. वाइनचं तसं नाही. तिला पंगतीत बसवावं लागतं, आणि भाजी-भाकरीशी तिचं पटतं का ते पाहावं लागतं. पटलं नाही तर उठवायची तिला, भाकरीला नाही.

आम्ही सहा जण होतो. डॉक्टर आणि वहिनी, कृषी केंद्रवाले भाऊ, आम्ही दोघं, आणि शाळेतून निवृत्त झालेले सर. सर घेत नाहीत. त्यांनी वही घेतली. पाच जणांनी परवाने काढले होते, माप ठरवलं होतं: प्रत्येक बाटलीतून प्रत्येकाला अर्धा चहाचा कप, त्यापुढे नाही. पेले काचेचे, कारण स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही. पांढऱ्या दोन बाटल्या दुपारी फ्रीजमध्ये होत्या, पण संध्याकाळी लाइट गेली. तेव्हा ओल्या पंच्यात गुंडाळून त्या वाऱ्याच्या खिडकीत ठेवल्या, जसं आपण उन्हाळ्यात शेतावर पाण्याची बाटली ठेवतो. तासाभरानं पंचा वाळायला आला होता आणि काच हाताला गार लागत होती. तांबडी वाइन घरातल्या तापमानाला प्यावी, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ते घर युरोपातलं, सोळा-अठरा अंशांचं. आमच्याकडे नोव्हेंबरच्या रात्री ते जमतं. मे महिन्यात तीच बाटली कपाटातून काढून ओतली तर गरम काढ्यासारखी लागेल, तेव्हा तिलाही अर्धा तास थंडाव्यात ठेवायलाच हवं.

ताटं वाढल्यावर पहिला घोट वहिनींनी घेतला, तोही नेमका शिराझचा, नुसता, पहिल्या घासाआधी. तोंड बारीक करून म्हणाल्या, "हे तं जांभूळ खाल्ल्यावानी जीभ आखडली ना भाऊजी!"

वाइनवर मी जेवढं वाचलंय, त्यात याहून नेमकं वर्णन मला आठवत नाही. इंग्रजीत ज्याला टॅनिन म्हणतात त्याला आपल्याकडे तुरटपणा म्हणतात, आणि आपल्याला तो लहानपणापासून ओळखीचा आहे. जांभूळ, सुपारी, हिरडा, कच्चं केळ, जास्त उकळलेला चहा. तांबडी वाइन करताना द्राक्षाची साल आणि बी रसात राहू देतात, रंग आणि तुरटपणा दोन्ही तिथून येतात. पांढरी करताना रस आधीच गाळून घेतात. हा तुरटपणा लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतो, म्हणून जीभ कोरडी पडते. त्याला तूप, तेल किंवा मांस दिलं की तो तिकडे वळतो आणि जीभ सुटते. आयुर्वेदात सहा रस सांगितले, त्यातला कषाय तो हाच. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट हे सहा शब्द ज्याच्या घरात रोज वापरात आहेत, त्याला वाइन चाखायला परकी भाषा शिकावी लागत नाही.

मग जेवायला सुरुवात केली. आधी अंबाडीची भाजी, वर लसूण जाळलेलं तेल. या भाजीचं मला मनातून भय होतं, कारण तिच्या आंबटपणापुढे भलेभले टिकत नाहीत. शिराझ तिच्यासोबत सपशेल पडली, पाण्यासारखी बेचव झाली. पण सोव्हिन्यों ब्लाँचा घोट घेतला आणि सगळे क्षणभर गप्प झाले. ती मुळात आंबटसर असते, तिला हिरव्या गवताचा, हिरव्या मिरचीच्या देठाचा वास असतो. अंबाडीच्या आंबटाला तिच्या आंबटानं साथ दिली. भाजीचा आंबटपणा बोचेनासा झाला आणि वाइनमध्ये गोडवा आहे असं वाटायला लागलं. ताटातला पदार्थ जेवढा आंबट, तेवढी वाइनही आंबट हवी. हे सरांनी वहीत लिहून त्याखाली रेघ मारली.

नंतर रोडगा. तो फोडून, चुरून, त्यावर तूप आणि वरण. शेनिन ब्लाँ इथं अशी बसली, जशी घरचीच. तिला पेरूचा, पिकल्या सफरचंदाचा वास येतो आणि शेवटी किंचित गोडवा राहतो. रोडग्याच्या भाजक्या सालीला धुराचा वास असतो, तूप जिभेवर पसरतं, आणि या वाइनचा आंबटगोड घोट ते तूप धुऊन जीभ पुढच्या घासाला मोकळी करतो. कृषी केंद्रवाले भाऊ एरवी फार बोलत नाहीत. ते म्हणाले, "याच्यानं दुसरा रोडगा खावासा वाटते." मला वाटतं, जेवणासोबतच्या कुठल्याही पेयाची हीच परीक्षा असावी.

शिराझला तिचा सोबती मिळाला तो भरतात. वांगं आरावर भाजलेलं, कांद्याची पात, शेंगदाणे, तेल भरपूर, मिरची मुद्दाम कमी. ही बाटली ओकच्या पिपात राहिलेली होती, आणि ती पिपं आतून विस्तवावर शेकलेली असतात. वाइनमधला शेक आणि वांग्यावरचा शेक एकमेकांना ओळखून होते. तेलानं तुरटपणा ओढून घेतला. वहिनींनी जांभळाचा शेरा मागे घेतला नाही, पण पेला रिकामा केला.

ठेच्यानं मात्र कोणालाच जवळ येऊ दिलं नाही. यामागे कारण आहे. मिरचीची आग ही चव नाही, ती जिभेच्या कातडीची जळजळ आहे, आणि अल्कोहोल ती वाढवतं. वाइन जेवढी कडक, तेवढी आग जास्त, त्यात तुरटपणा आला की अंगारच. शिराझवर ठेचा खाल्ल्यावर डॉक्टरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. गार शेनिन ब्लाँनं जरा निभावलं, तिच्यातल्या गोडव्यामुळे. पण खरं औषध ताटातच होतं, दह्याची वाटी. आग लावणारा पदार्थ पाण्यात विरघळत नाही, तो स्निग्धात विरघळतो, आणि दुधातली प्रथिनं त्याला जिभेवरून सोडवतात. सावजी मटणासोबत तांबडी वाइन घ्या, असं सांगणाऱ्यांनी ती तर्री एकदा स्वतः चाखावी. माझ्या मते, वऱ्हाडी तिखटाला पांढरी, गार, किंचित गोडसर वाइनच चालते, आणि ठेच्याला दही.

पुरणपोळीच्या वेळी पेले बाजूला ठेवले. गुळापुढे तिन्ही वाइन आंबून गेल्यासारख्या लागल्या. गोडासोबत त्या गोडाहून गोड वाइन लागते. द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून, साखर वाढवून केलेली तशी वाइन नाशिकमध्ये होते, पण आमच्याकडे नव्हती. तुपानं पोळीचं काम भागलं.

जेवताना सरांनी विचारलं, "हे सगळं आपल्याकडे आलं कधी?" द्राक्षं आंबवणं आपल्याला नवं नाही. द्राक्षासवाची बाटली कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते. मनुकांचा काढा, गूळ आणि धायटीची फुलं. ती फुलं आंबवण्यासाठी. हीच धायटी पैनगंगेकाठच्या आपल्या जंगलात उन्हाळ्याच्या तोंडी लाल फुलते. आसवात अल्कोहोल आपोआप तयार होतं. मोहाची गोष्ट वेगळी. आंबवलेल्या मोहफुलांची वाफ भट्टीत धरतात, म्हणून ती जहाल होते. वाइनमध्ये भट्टी नाही.

आजच्या वाइनचं म्हणाल तर नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात फेसाळ वाइन केली आणि ती परदेशी पाठवली. नाशिकला राजीव सामंत यांनी सुला सुरू केली, पहिल्या बाटल्या २००० साली आल्या. शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ ही द्राक्षं नाशिकच्या मातीत रुजली ती तेव्हाच. २००१ मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. अकलूजच्या माळावर इटालियन जातीच्या वेली लागल्या. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू द्यायचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला, त्यावर रान उठलं आणि तो कागदावरच राहिला. माझं मत विचाराल तर ते बरंच झालं. तेलाच्या डब्याशेजारी, पोरांच्या हाताला लागेल अशी बाटली ठेवण्याचं कारण नव्हतं. ज्याला हवी तो परवाना काढून दुकानात जाऊन घेईल. आणि शेतकऱ्याचं भलं फक्त त्या फळीवरच अडलं आहे, हे मला पटलेलं नाही.

त्या रात्री मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते वेगळंच. आमच्या गावात पुरुष पितात ते घराबाहेर, पाठमोरे, घाईघाईनं, आणि बायका घरात वाट बघतात. इथं ज्यांनी रांधलं त्याच पहिल्या घासाला बसल्या होत्या, पहिला शेरा त्यांचा होता, आणि बाटली कधी बंद करायची हेही त्यांनीच ठरवलं. अकराला झाकणं लागली. प्रत्येक बाटलीत अर्ध्याहून जास्त शिल्लक होती. लाइट आली होती, बाटल्या फ्रीजमध्ये गेल्या. उघडलेली वाइन तीन-चार दिवस बरी राहते. बुचाची न उघडलेली बाटली मात्र आडवी ठेवतात, म्हणजे बूच आतून ओलं राहतं आणि हवा शिरत नाही. हे ऐकून बायको म्हणाली, "म्हणजे आपली बी बाटली आडवीच."

ज्या घरात कोणाचा हात एकदा सुटला आहे, त्या घरात यातलं काहीही करू नका. अर्धा कप पण नाही. तिथं पाहुणा म्हणूनसुद्धा तिला आणायची नाही. बाकीच्यांना सांगणं एवढंच, की आधी चूल पेटू द्या.

पौषात पुन्हा बसायचं ठरलं आहे, या वेळी भाऊंच्या वावरात, हुरड्याला. ज्वारीचं कणीस हुरड्याला येतं त्याच सुमारास, जानेवारीत, नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी सुरू होते. कोवळ्या दाण्याचा गोडवा, आगटीचा धूर आणि जवसाची चटणी यांच्याशी कुठली वाइन जमेल, हे आम्हाला अजून ठाऊक नाही. कोणी घरच्यांसोबत बसून चाखली असेल तर जरूर कळवा. सरांच्या वहीत पुढचं पान कोरं ठेवलं आहे.