विधिविद्यार्थ्यांची उन्हाळी उमेदवारी

मे महिना लागला की मुंबईत फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेटच्या जुन्या दगडी इमारतींत, आणि अलीकडे लोअर परळमध्ये गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांतही, काही नवी तरुण मंडळी ये-जा करताना दिसू लागतात. ही विधी महाविद्यालयांची मुले. वकिलांच्या मोठ्या पेढ्यांत महिनाभर काम शिकण्यासाठी ती आलेली असतात. या शिकण्याला आज सर्वत्र 'इंटर्नशिप' म्हणतात. मराठीत त्यासाठी 'उमेदवारी' हा चांगला शब्द होता. निवडणुकांनी तो इतका बळकावला की आज वापरला तर 'कोणत्या पक्षाची?' असा प्रश्न यायचा. तरीही आम्ही येथे तोच वापरणार आहोत; कारण उमेद आणि तिष्ठणे या दोन्ही गोष्टी त्या एका शब्दात येतात.

यांपैकी बहुतेकांच्या मनातील पेढीचे चित्र चित्रपटांनी आणि अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धांनी रंगवलेले असते. पहिला धक्का बसतो तो साध्या दिनदर्शिकेचा. विद्यार्थ्याला सुटी उन्हाळ्यात असते आणि उच्च न्यायालयालाही ती उन्हाळ्यातच असते. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयात तातडीची प्रकरणे ऐकण्यापुरती सुटीकालीन न्यायपीठे बसतात. दिवाणी न्यायालयांचेही बव्हंशी तेच. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली नियम बदलून आपल्या उन्हाळी सुटीला 'अंशतः कामकाजाचे दिवस' असे नाव दिले, पण नाव बदलल्याने दालने गजबजत नाहीत. ज्याला उलटतपासणीत साक्षीदाराची भंबेरी उडताना पाहावयाची आहे, त्याने दिवाळीनंतर आपल्या तालुक्याच्या न्यायालयात एखाद्या जुन्या वकिलाच्या मागे बसावे. मोठ्या पेढीत मे महिन्यात त्याला भेटणार आहेत ते कागद.

कागद म्हणजे काय, हे आधी समजून घेतलेले बरे. एक कंपनी दुसरीला विकत घेणार असते. तिचे शेकडो करार वाचून कोठे कोणती अट अडचणीची आहे याची जंत्री करावयाची. एखाद्या लवादासाठी घटनांची तारीखवार यादी करावयाची. दस्तऐवजांवर पृष्ठांक घालावयाचे, अनुक्रमणिका लावावयाची, एखाद्या कलमावरील निवाडे शोधून दोन पानांचे टिपण लिहावयाचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि तिच्या सोबतचे दोन कायदे अंमलात आल्यापासून जुन्या कलमांना नवे आकडे जुळवण्याचे कामही या मुलांकडे येते. महिन्याच्या अखेरीस 'आम्ही फक्त झेरॉक्स काढल्या' अशी तक्रार ऐकू येते. ती कधी खरी असते, कधी अर्धवट. प्रस्तुत लेखकाने विद्यार्थिदशेत एका कचेरीत तीन आठवडे एका जुन्या मिळकतीच्या बाडावर पृष्ठांक घातले होते. चौथ्या आठवड्यात ध्यानात आले की ज्या कुलमुखत्यारपत्रावर पुढची सारी खरेदीखते उभी होती, त्याचे शेवटचे, सह्यांचे पानच बाडात नव्हते. वरिष्ठांना सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "आता बस, आणि याचा परिणाम काय होतो ते लिहून काढ." महिन्याभरात मिळालेले शिक्षण ते एवढेच होते, आणि पृष्ठांक घातल्यावाचून ते मिळाले नसते.

येथे जिल्ह्यांतून येणाऱ्या मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगावयास हवी, कारण ती त्यांना कोणी सांगत नाही. मुंबईच्या पेढ्यांतील इंग्रजी ऐकून लातूरचा किंवा धुळ्याचा विद्यार्थी पहिल्या दिवशी दबून जातो. परंतु त्याच पेढीत भिवंडीच्या गोदामांच्या किंवा विदर्भातल्या एखाद्या सौरप्रकल्पाच्या जमिनीचा मालकीशोध चाललेला असतो, आणि टेबलावर सातबाराचे उतारे, फेरफार, वारसनोंदी, कुळकायद्याचे दाखले पडलेले असतात. 'इतर हक्क' या रकान्यातील एक ओळ काय उलथापालथ करू शकते, हे राष्ट्रीय विधी विद्यापीठातून आलेल्या हुशार मुलाला समजावून घ्यावे लागते. ज्याच्या घरी वाटणीचा दावा पिढीभर चालला आहे त्याला ते उपजतच ठाऊक असते. त्याने हे ज्ञान लपवू नये. पेढीला त्याची गरज आहे, आणि बहुधा तिला ती माहीतही आहे.

शोधकामाबद्दलही एक इशारा आवश्यक आहे. निवाडे शोधून देणारी, किंबहुना टिपणेही लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता प्रत्येकाच्या खिशात आहेत. २०२३ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात वकिलांनी अशा साधनाने रचलेले, कधीही न दिलेले निवाडे सादर केले आणि त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. पेढीतील वरिष्ठ आता उमेदवाराच्या टिपणात पहिल्याने पाहतो ते हेच, की मूळ निवाडा या मुलाने स्वतः उघडून वाचला आहे काय. आणि वाचलेल्या कागदांतील मजकूर बाहेर बोलावयाचा नाही, हा नियम शिष्टाचाराचा नाही; अशिलाच्या विश्वासाचे जे बंधन भारतीय साक्ष्य अधिनियमाने वकिलावर घातले आहे, ते त्याच्या कारकुनांवर आणि नोकरवर्गावरही घातले आहे. लोकलगाडीत मित्राला सांगितलेली 'आजची गंमत' महागात पडू शकते.

आता नोकरीची गोष्ट. मुले खरी येतात ती त्यासाठी. अमेरिकेतील मोठ्या पेढ्या दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात विद्यार्थ्याला सुमारे दहा आठवडे ठेवतात, नव्या वकिलाला देतात त्याच दराने त्याला पैसे देतात आणि अखेरीस बहुतेकांना नोकरीचे आमंत्रण देतात. तेथे उन्हाळा ही नोकरीची पहिली पायरीच आहे. आपल्याकडील बड्या पेढ्यांनी या पद्धतीतला परीक्षेचा भाग तत्परतेने उचलला. शेवटच्या दोन वर्षांतील विद्यार्थ्यांना पारखून त्यांतील मोजक्यांना पदवीपूर्वीच नेमणूक द्यावयाची, ही रीत येथे रुळली आहे. मोबदल्याचा भाग मात्र तितक्या उत्साहाने आलेला नाही. काही पेढ्या विद्यावेतन देतात, काही प्रवासखर्चापुरते देतात, कित्येक प्रमाणपत्रावर बोळवण करतात.

ही बाब पेढ्यांच्या मर्जीची आहे असे म्हणून भागणार नाही, कारण ही उमेदवारी आता ऐच्छिक राहिलेली नाही. इतिहास थोडा विचित्र आहे. १९६१ च्या वकील अधिनियमात सनदेपूर्वी प्रशिक्षणाची अट होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती गेली. १९९५ साली बार कौन्सिल ऑफ इंडियाने एक वर्षाच्या प्रशिक्षणाचे नियम केले; १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले, कारण कायद्याने असा अधिकार कौन्सिलला दिलेलाच नव्हता. मग २००८ च्या विधिशिक्षण नियमांनी तीच गोष्ट अभ्यासक्रमाच्या दाराने आत आणली. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवडे उमेदवारी झालीच पाहिजे. एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक नाही. आणि निदान एकदा ती प्रत्यक्ष न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाकडे असावी. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली, तीही याच विचाराने की पुस्तकी पदवी पुरेशी नाही.

विचार योग्यच आहे. प्रश्न आहे तो त्याच्या खर्चाचा. वीस आठवडे सक्तीचे केले, पण त्या वीस आठवड्यांत विद्यार्थ्याने राहावयाचे कोठे आणि खावयाचे काय, याविषयी नियम मौन पाळतात. दादरला मामा राहतो त्याची सोय झाली. ज्याचा मुंबईत कोणी नाही, त्याने खाटेचे भाडे, खाणावळ आणि रेल्वेचा पास यांची बेरीज करावी आणि गावाकडच्या वकिलाकडून सही आणून नियम कागदावर पुरा करावा, हेच आज घडते. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. उमेदवार विद्यार्थी त्यातही बसत नाही. ज्या पेढीत तासावर फी आकारली जाते, तेथे महिनाभर करार वाचणाऱ्या मुलाला काही न देणे याला शिक्षण म्हणावे की काटकसर, हे त्या पेढीच्या भागीदारांनीच एकदा एकमेकांना विचारावे.

निवडीचेही असेच आहे. जागा किती, अर्ज कधी, निकष कोणते, हे प्रसिद्ध करणाऱ्या पेढ्या आहेत. पण अजूनही अनेक ठिकाणी काकांच्या एका दूरध्वनीवर जागा निर्माण होते. पेढ्यांवर सरकारी खाक्याची सक्ती करावी असे आम्ही सुचवीत नाही. परंतु बार कौन्सिलला आपल्याच नियमांत एवढी भर घालता येईल, की उमेदवारीच्या आठवड्यांची गणना व्हावयाची असेल तर ठरावीक विद्यावेतन दिले गेले पाहिजे, मार्गदर्शक वकिलाचे नाव पहिल्याच दिवशी विद्यार्थ्याला कळले पाहिजे आणि त्याच्या कामावर त्या वकिलाने लेखी अभिप्राय दिला पाहिजे. नियमांत उमेदवाराच्या दैनंदिनीची आणि तिच्या तपासणीची तरतूद आहेच. ती तपासणी सहीपुरती राहू नये, एवढेच.

त्याच नियमांत आणखी एक कलम आहे, ज्याची आठवण फारशी कोणी करीत नाही. राज्य बार कौन्सिलने किमान दहा वर्षे अनुभव असलेल्या आणि सुटीत विद्यार्थी घेण्यास राजी असलेल्या वकिलांची जिल्हावार यादी करावी आणि ती महाविद्यालयांना उपलब्ध व्हावी, असे ते सांगते. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलने ही यादी दरवर्षी जानेवारीत अद्ययावत करून प्रत्येक विधी महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लावण्याची व्यवस्था केली, तर नंदुरबारच्या किंवा सिंधुदुर्गाच्या विद्यार्थ्याला मे महिन्याच्या तोंडावर मुंबईत कोणाची ओळख निघते का, हे शोधत फिरावे लागणार नाही.